विकसनशील प्रदेशांतील हवा प्रदूषण : धोरण आणि व्यवस्थापनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवेच्या प्रदूषणाविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, मधले धोरण राबवताना येणाऱ्या अडचणींचे आहेत आणि शेवटचे अपवादांचे आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर पुनरुक्ती टाळून त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पीएम २.५ म्हणजे काय? धूळ तर सगळीकडेच असते, मग याच कणांची एवढी चर्चा का?

ज्यांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो, अशा कणांना पीएम २.५ म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. दहा मायक्रॉनपर्यंतचे जाड कण बरेचसे नाकात, घशात आणि श्वासनलिकेच्या वरच्या भागात अडकतात. पीएम २.५ मात्र फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणूनच या कणांचा संबंध दम्यापुरता मर्यादित राहत नाही, तर हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसांच्या कर्करोगाशीही जोडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यांपैकी ८९ टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले.

आकाराइतकाच उगमही महत्त्वाचा आहे. जाड कणांत माती, बांधकामाची आणि रस्त्यावरची धूळ जास्त असते. सूक्ष्म कण मुख्यतः काहीतरी जळाल्याने तयार होतात, मग तो कोळसा असो, डिझेल असो, लाकूड असो, कचरा असो किंवा पिकांचे अवशेष असोत. शिवाय गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत अमोनियाशी संयोग पावतात आणि त्यांतूनही सूक्ष्म कण बनतात. हे दुय्यम कण कोणत्याही धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडत नाहीत, त्यामुळे धोरणात ते सहज निसटतात. पुढच्या अनेक उत्तरांचा आधार हाच फरक आहे.

२. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आणि देशाची मर्यादा यांत एवढा फरक का? देशाच्या मर्यादेत असलेली हवा सुरक्षित मानावी का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक सरासरी पातळी प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅमपर्यंत असावी, अशी शिफारस केली. त्यापूर्वी, २००५ पासून, ती १० होती. चीनने २०१२ मध्ये ठरवलेले वार्षिक मानक ३५ होते आणि भारताचे २००९ पासून ४० आहे. संघटनेची पातळी आरोग्याच्या पुराव्यावर ठरते. देशाचे मानक ठरवताना मात्र तंत्रज्ञान, खर्च आणि अंमलबजावणीची क्षमताही विचारात घेतली जाते. त्यामुळे देशाच्या मानकाखालची हवा कायद्याच्या दृष्टीने मान्य ठरते, सुरक्षित ठरत नाही.

संघटनेनेच ३५, २५, १५ आणि १० असे अंतरिम टप्पे सुचवले आहेत, आणि विकसनशील देशांसाठी या दस्तऐवजातला सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे. ज्या शहराची सरासरी ९० आहे, त्याला ५ चे ध्येय देणे म्हणजे ध्येय न देण्यासारखेच आहे. ३५ चे ध्येय, त्याची मुदत आणि त्यासाठी जबाबदार असलेला विभाग नेमून दिला, तर निदान कोणाला तरी जाब विचारता येतो. ज्या देशांत मानकच नाही, त्यांची अवस्था आणखी कठीण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२१ च्या पाहणीनुसार जगातील सुमारे एक तृतीयांश देशांत बाहेरच्या हवेसाठी कायद्याने बंधनकारक मानकच नव्हते.

३. एकाच ठिकाणी, एकाच वेळी दोन ॲप हवेच्या गुणवत्तेचा वेगवेगळा निर्देशांक (एक्यूआय) दाखवतात. त्यांपैकी एक खोटे आहे का?

बहुतेक वेळा दोन्ही खरी असतात. निर्देशांक म्हणजे मोजमाप नव्हे. मोजमापाला दिलेले ते एक भाषांतर आहे आणि प्रत्येक देशाची भाषांतराची पट्टी वेगळी आहे. पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० असेल, तर भारतीय पट्टीवर निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. त्याच आकड्याला अमेरिकी पट्टीवर निर्देशांक १५० च्या वर जातो आणि हवा ‘अनारोग्यकारक’ ठरते. काही ॲप शेवटच्या तासाचा आकडा वापरतात, तर काही २४ तासांची सरासरी दाखवतात. तुलना करायची असेल, तर निर्देशांक बाजूला ठेवून मायक्रोग्रॅममधील मूळ आकडा पाहावा.

४. कायदे आहेत, मंडळे आहेत, कृती आराखडे आहेत. तरीही हवा का सुधारत नाही?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्यामागची चीड रास्त आहे. माझ्या समजुतीनुसार याची मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले कारण अधिकाराचे आहे. हवेची जबाबदारी पर्यावरण खात्याकडे असते, पण धूर ज्या निर्णयांतून निघतो ते निर्णय ऊर्जा, वाहतूक, शेती, उद्योग आणि नगरविकास ही खाती घेतात. कोणता कोळसा जाळायचा, कोणते इंधन आयात करायचे, कोणत्या पिकाला आधारभाव द्यायचा, हे ठरताना हवेचा विचार करणारा माणूस त्या बैठकीत नसतो. नंतर त्याच निर्णयांच्या परिणामांवर नियंत्रण ठेवण्याचे काम मात्र एखाद्या कमकुवत मंडळाकडे सोपवले जाते, जिथे मंजूर पदेही रिक्त असतात.

दुसरे कारण शिक्षेच्या रचनेत आहे. अनेक कायद्यांत नियम मोडणाऱ्या कारखान्यासाठी फौजदारी खटला किंवा कारखाना बंद करण्याचा आदेश, अशा टोकाच्याच तरतुदी असतात. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि बंदीचा आदेश देण्याचे धाडस कोणी करत नाही, म्हणून व्यवहारात काहीच घडत नाही. प्रदूषणाच्या प्रमाणात आकारला जाणारा आणि लगेच वसूल होणारा आकार याहून कितीतरी परिणामकारक ठरतो. गुजरातमधील सुरत येथे २०१९ मध्ये कारखान्यांच्या धुराड्यांतील कणांसाठी उत्सर्जन व्यापार सुरू झाला. धुराड्यांवर सतत मोजणी करणारी उपकरणे बसवली गेली, एकूण उत्सर्जनाला कमाल मर्यादा घातली गेली आणि कारखान्यांना परवान्यांची खरेदी-विक्री करण्याची मुभा मिळाली. योजनेत सहभागी झालेल्या कारखान्यांचे कण-उत्सर्जन इतर कारखान्यांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात आढळले. राज्ययंत्रणा तीच होती. बदलले ते मोजमाप आणि आर्थिक हिशेब.

तिसरे कारण म्हणजे चुकीच्या गोष्टीची मोजणी. भारताचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, ही महत्त्वाची सुरुवात होती. पण शहरांची प्रगती त्यात मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर, मोजली गेली. ज्यावर मूल्यमापन, त्यावरच खर्च, हे प्रशासनाचे साधे गणित आहे. परिणामी निधीचा मोठा हिस्सा रस्त्यांची धूळ आवरण्यावर गेला आणि ज्वलनाचे स्रोत तुलनेने दुर्लक्षित राहिले.

५. आमच्या शहरात मोजणी केंद्रच नाही. आकडे नसताना धोरण कसे आखायचे?

आकडे हवेत, पण ते मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. कचरा उघड्यावर जळतो आहे, डिझेलमध्ये गंधक जास्त आहे, स्वयंपाकघरात धूर कोंडतो आहे, हे कळायला महागडे यंत्र लागत नाही. अशा स्रोतांवरील काम पहिल्या दिवसापासून सुरू करता येते. जगात पेट्रोलमधले शिसे असेच हटवले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००२ मध्ये मोहीम सुरू झाली आणि २०२१ मध्ये अल्जीरियाने शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबवल्यावर वाहनांसाठीचे असे पेट्रोल जगभरातून संपले. प्रत्येक देशाने आधी आपल्या हवेतले शिसे मोजावे, अशी अट कोणी घातली नव्हती.

मोजणीसाठी उपग्रहांवरून मिळणारे अंदाज आणि स्वस्त संवेदक ही दोन साधने आता हाताशी आहेत. स्वस्त संवेदक प्रकाश विखुरण्यावरून कण मोजतात, त्यामुळे दमट हवेत ते आकडा फुगवून दाखवतात. त्यांना वर्षातून काही आठवडे प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून दुरुस्तीचे सूत्र काढावे लागते. हे केले, तर वस्तीवस्तीतला फरक समजण्यासाठी ते चांगले उपयोगी पडतात. कायदेशीर कारवाईसाठी मात्र प्रमाणित यंत्राचाच आधार घ्यावा.

परक्यांच्या यंत्रांवर फार विसंबू नये, हेही येथे नमूद करावेसे वाटते. अनेक राजधान्यांत वर्षानुवर्षे अमेरिकी दूतावासाचे यंत्र हाच विश्वासाचा आकडा होता. मार्च २०२५ मध्ये त्या देशाने ही माहिती प्रसिद्ध करणे थांबवले आणि काही शहरांना एका दिवसात आपला सर्वांत भरवशाचा स्रोत गमवावा लागला.

६. शहराने आपल्या हद्दीत सगळे नीट केले, तर पुरेसे नाही का?

नाही. हवा महापालिकेची हद्द ओळखत नाही आणि दुय्यम कण (प्रश्न १ पाहा) तर शेकडो किलोमीटर प्रवास करत तयार होतात. सिंधू-गंगेच्या मैदानात लाहोर, दिल्ली, पाटणा आणि ढाका एकाच विस्तीर्ण हवेच्या पट्ट्यात येतात. हिमालय उत्तरेकडची वाट अडवतो आणि हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते. अशा प्रदेशाला वायुक्षेत्र म्हणतात आणि नियोजनाचे एकक शहर नव्हे, तर वायुक्षेत्र असावे लागते.

मोठी धुराडी उंच बांधण्याचा जुना उपायही येथेच उघडा पडतो. उंच धुराड्यामुळे जवळच्या गावाला दिलासा मिळतो, पण गंधक दूरवर जाऊन तिथल्या हवेत सल्फेटचे कण बनतात.

राज्या-राज्यांत आणि देशा-देशांत समन्वय घडवणे अवघड असले, तरी अशक्य नाही. दिल्ली व आसपासच्या प्रदेशासाठी भारताने २०२१ मध्ये कायद्याने स्वतंत्र आयोग नेमला. आग्नेय आशियातील देशांनी सीमापार धुराबाबतचा करार २००२ मध्ये केला, परंतु ज्या देशात सर्वाधिक वणवे लागत होते, त्या इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली ती २०१४ मध्ये. उल्लंघनासाठी शिक्षा नसलेल्या करारांची गती अशीच असते. तरीही माहितीची देवाणघेवाण आणि समान मोजमाप या पायऱ्या त्यांमुळेच उभ्या राहतात.

७. रस्त्यांवर पाण्याचे फवारे आणि चौकात हवा शुद्ध करणारे मनोरे यांचा उपयोग होतो का?

फवाऱ्यांमुळे जाड धूळ काही काळ बसते. मनोऱ्यांबाबत उत्तर स्पष्ट आहे : उघड्या वातावरणातली हवा गाळून शहर स्वच्छ होत नाही. दिल्लीत २०२१ मध्ये २४ मीटर उंचीचा असा मनोरा उभारला गेला. त्याचा परिणाम मनोऱ्यापासून थोड्या अंतरातच विरतो. शहरावरच्या हवेचे आकारमान लक्षात घेतले, तर हे अपेक्षितच होते. तोच पैसा निरीक्षकांची रिक्त पदे भरण्यात किंवा कचरा वेळेवर उचलण्यात घातला, तर धूर निर्माणच होत नाही.

८. सम-विषम क्रमांकांची वाहनबंदी लागू करावी का?

अतिप्रदूषणाच्या काही दिवसांपुरती ठीक आहे, कायमची नको. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये नंबरपट्टीच्या शेवटच्या अंकानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवण्याचा नियम केला. कालांतराने अनेक कुटुंबांनी दुसरी, बहुधा जुनी गाडी घेतली आणि पुढच्या अभ्यासात हवेत टिकाऊ सुधारणा आढळली नाही. त्या शहराची हवा सुधारली ती वेगळ्या उपायांनी : शिसेविरहित पेट्रोल, १९९१ पासूनच्या नव्या गाड्यांना धुरातले घातक वायू कमी करणारा उत्प्रेरक परिवर्तक आणि त्याच वर्षी शहरातला तेलशुद्धीकरण कारखाना बंद करण्याचा निर्णय. मेक्सिको सिटीचे नाव बहुतेकांना बंदीमुळे आठवते, पण तिथून शिकण्यासारखे आहे ते इंधनाचे धोरण.

९. वाहनांबाबत मग सर्वांत परिणामकारक उपाय कोणता?

आधी इंधन, मग इंजिन, मग तपासणी. डिझेलमधील गंधक जास्त असेल, तर धूर गाळणारी आधुनिक यंत्रणा निकामी होते, त्यामुळे इंधन न सुधारता गाड्यांचे मानक कडक करणे व्यर्थ ठरते. भारताने १ एप्रिल २०२० पासून देशभर गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० वरून १० भागांवर आणली आणि त्याच दिवशी वाहनांचे मानक एक पायरी वगळून थेट सहाव्या टप्प्यावर नेले. घानाने २०१७ मध्ये आयात डिझेलसाठीची मर्यादा ३००० वरून ५० वर आणली, हे तर लहान अर्थव्यवस्थांसाठी फार आश्वासक उदाहरण आहे.

श्रीमंत देशांतून येणाऱ्या जुन्या गाड्यांचा प्रश्नही यात मोडतो. २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून सुमारे १ कोटी ४० लाख वापरलेली हलकी वाहने निर्यात झाली. त्यांतली सुमारे ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आणि निम्म्याहून अधिक आफ्रिकेत गेली. गाडीच्या वयापेक्षा तिच्या उत्सर्जन मानकावर आयातीची अट घालणे अधिक न्याय्य आहे. उत्प्रेरक परिवर्तक काढून विकलेली पाच वर्षांची गाडी नीट राखलेल्या दहा वर्षांच्या गाडीपेक्षा घातक असते.

१०. शेतात काडीकचरा जाळणाऱ्या शेतकऱ्यांना कडक दंड का करत नाहीत?

कारण दंडाने शेतकऱ्याची अडचण संपत नाही. पंजाब आणि हरियाणा यांचेच उदाहरण घ्या. भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये केलेल्या कायद्यांनी भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. त्यामुळे कापणी लांबली आणि गव्हाच्या पेरणीआधी हाताशी मोजकेच दिवस उरले. कापणी यंत्र शेतात उभी धसकटे सोडते आणि ती काढायला मजूर वा यंत्र वेळेवर मिळत नाही. आग हाच सर्वांत स्वस्त आणि जलद मार्ग उरतो. त्याच वेळी वारे मंदावलेले असतात. पाण्यासाठी केलेला चांगला कायदा हवेवर उलटला, आणि दोन्ही निर्णय घेणारे एकत्र बसले नव्हते (प्रश्न ४).

धसकटांतूनच पेरणी करणारी यंत्रे, लवकर पिकणारी वाणे, आणि मुख्य म्हणजे भाताव्यतिरिक्त पिकांना खात्रीचा भाव, हे उपाय टिकतात. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवल्यास तो आगी टिपणाऱ्या उपग्रहाची वेळ चुकवून जाळतो, एवढाच फरक पडतो.

११. घरोघरी गॅस दिला की चुलीच्या धुराचा प्रश्न सुटला, असे म्हणता येईल का?

जोडणी मिळणे आणि वापर होणे यांत मोठे अंतर आहे. जगात सुमारे २१० कोटी लोक आजही लाकूड, गोवऱ्या, कोळसा किंवा रॉकेलवर स्वयंपाक करतात, आणि घरातल्या या धुरामुळे २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. याचा सर्वाधिक भार स्त्रियांवर आणि त्यांच्याजवळ बसलेल्या लहान मुलांवर पडतो. भारताने मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू करून कोट्यवधी कुटुंबांना जोडण्या दिल्या. पण पुढचे सिलिंडर परवडत नसेल, तर चूल पुन्हा पेटते. म्हणून यश जोडण्यांच्या संख्येवर नव्हे, तर प्रति कुटुंब वर्षाला किती सिलिंडर भरले गेले यावर मोजावे.

‘सुधारित चुली’ हा मधला मार्ग अनेकदा सुचवला जातो. मलावीमध्ये दहा हजारांहून अधिक बालकांचा समावेश असलेल्या चाचणीत अशा चुलींमुळे बालकांच्या न्यूमोनियात घट दिसली नाही. शेजारी कचरा जळत असेल आणि दुसऱ्या घराचा धूर आत येत असेल, तर एका घरातली अर्धवट सुधारणा अपुरी पडते. पूर्ण स्वच्छ इंधन, आणि तेही संपूर्ण वस्तीला, हे धोरण अधिक महाग असले तरी योग्य आहे.

१२. बीजिंगने काही वर्षांत हवा सुधारली. इतरांना ते का जमू नये?

बरेचसे जमू शकते. बीजिंगची पीएम २.५ ची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये ८९.५ होती; २०१७ मध्ये ती ५८ झाली आणि २०२१ मध्ये ३३. सप्टेंबर २०१३ च्या राष्ट्रीय आराखड्यात ठरावीक प्रदेशांना ठरावीक आकडे दिले गेले, कोळशावरचे बॉयलर बदलले गेले, शहरातले शेवटचे मोठे कोळसा वीजकेंद्र २०१७ मध्ये बंद झाले, आणि शेजारच्या हेबेई प्रांतालाही त्याच आराखड्यात बांधले गेले. अधिकाऱ्यांची बढती या आकड्यांशी जोडलेली होती.

नक्कल करू नये असा भागही त्यात आहे. २०१७ च्या हिवाळ्यात गॅसचा पुरवठा पुरेसा होण्याआधीच उत्तरेकडच्या खेड्यांत कोळशावर बंदी आली आणि कित्येक घरे थंडीत गारठली. शेवटी सरकारला नियम सैल करावे लागले. जिथे वर्तमानपत्रे आणि न्यायालये मोकळी आहेत, तिथे अशी चूक लवकर उघड होते. त्या मोकळेपणाला मी कमजोरी मानत नाही.

१३. आधी विकास, मग हवा, हा क्रम गरीब देशांसाठी व्यवहार्य नाही का?

जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये पीएम २.५ मुळे झालेल्या आरोग्यहानीची किंमत जागतिक उत्पन्नाच्या ६.१ टक्के होती. आजारी कामगार आणि शाळा बुडवणारी मुले हा खर्च आजही गरीब देश भरतच आहेत, फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही.

१४. सरकार हलत नसेल, तर न्यायालयात जाऊन उपयोग होतो का?

होतो, पण मर्यादित. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेल्या आदेशांमुळे दिल्लीच्या सार्वजनिक बसगाड्या २००२ च्या अखेरीपर्यंत सीएनजीवर आल्या. दक्षिण आफ्रिकेत मार्च २०२२ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने कोळसापट्ट्यातील धोकादायक हवा हा नागरिकांच्या घटनात्मक हक्काचा भंग असल्याचा निर्णय दिला. एक ठोस बदल आणि त्याची ठोस तारीख मागितली, तर न्यायालय परिणामकारक ठरते. ‘हवा स्वच्छ करा’ अशा व्यापक मागणीतून समित्याच जन्माला येतात.

१५. एका प्रदूषकावर उपाय केल्यावर दुसरे वाढते, हे खरे आहे का?

काही वेळा खरे आहे. चीनमध्ये २०१३ नंतर सूक्ष्म कण घटले, पण अनेक शहरांत उन्हाळ्यातला ओझोन वाढला. ओझोन थेट कोठूनही बाहेर पडत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांच्यातील उन्हातल्या अभिक्रियेतून तो बनतो, आणि दाट शहरांत फक्त नायट्रोजनचे ऑक्साइड कमी केले तर तो सुरुवातीला वाढूही शकतो. रंग, द्रावके आणि इंधनाची वाफ यांवर त्याच वेळी नियंत्रण आणणे हा त्यावरचा मार्ग आहे.

मंगोलियाच्या उलानबातरने मे २०१९ मध्ये कच्चा कोळसा जाळण्यास बंदी करून प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या विटा जाळण्यासाठी दिल्या. धूर कमी झाला, पण त्याच वर्षी कार्बन मोनॉक्साइडने विषबाधा झाल्याच्या घटना घडल्या. जुन्या शेगडीत आणि बंद खोलीत नवे इंधन वेगळ्या रीतीने जळते. इंधन बदलताना शेगडी, धुराचा नळ आणि धोक्याची सूचना देणारे यंत्र यांचीही सोय करावीच लागते; हा खर्च योजनेच्या पहिल्या पानावर असायला हवा.

१६. वाळवंटाची धूळ येणाऱ्या देशांना मर्यादा ओलांडल्याबद्दल दोष द्यायचा का?

युरोपीय संघाच्या नियमांत नैसर्गिक स्रोतांचा वाटा सिद्ध करून वजा करण्याची मुभा आहे. सहाराच्या धुळीचा मारा सोसणाऱ्या पश्चिम आफ्रिकी देशांसाठीही तशी पद्धत न्याय्य ठरेल. मात्र वजाबाकी रासायनिक विश्लेषणावर व्हावी, अंदाजावर नको, नाहीतर ‘धूळ आहे’ म्हणून काजळीही माफ होते. शिवाय फुप्फुसांना वजाबाकी समजत नाही. धुळीच्या दिवसांचा इशारा लोकांना द्यायलाच हवा.

१७. यंदा आकडे सुधारले, असे जाहीर झाले. ते धोरणाचे यश मानावे का?

एका वर्षाच्या आकड्यावरून मानू नये. पाऊस लवकर आला, वारे जोराचे राहिले, हिवाळा कमी थंड पडला, तर काहीही न करता सरासरी घटते; उलट चांगले काम झालेल्या वर्षी स्थिर हवेमुळे ती वाढूही शकते. तीन वर्षांची सरासरी मागावी, हवामानाचा परिणाम वगळून काढलेला कल मागावा, आणि मोजणी केंद्रांची संख्या व जागा मधल्या काळात बदलल्या का, हे तपासावे. उद्यानात नवे केंद्र उभारले, तरी शहराची सरासरी उतरते.

याची उलट बाजू अधिक नाजूक आहे. हवा आधीच अतिशय खराब असेल, तर पहिल्या काही मायक्रोग्रॅमच्या घटीने मृत्यूंत दिसणारा फरक लहान असतो, कारण प्रदूषण आणि धोका यांचा आलेख वरच्या टोकाला सपाट होत जातो. त्यामुळे ९० वरून ७० वर आलेल्या शहरात ‘एवढे करूनही फायदा दिसत नाही’ अशी निराशा पसरते आणि कार्यक्रम नेमका तिथेच सोडून दिला जातो. आलेखाचा तीव्र उतार त्याच्या खालच्या टोकाला आहे, म्हणजे अशा शहराचा मोठा लाभ अजून पुढेच असतो. या टप्प्यावर प्रशासनाने मृत्यूंच्या आकड्यांऐवजी बंद झालेली धुराडी, बदललेले इंधन आणि उचललेला कचरा यांचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे ठेवावा, आणि नागरिकांनीही तोच हिशेब मागावा.